तीन गाठींचं कसाड

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आज मी एका सरळ प्रश्नाला लेखी खोटं उत्तर दिलं, म्हणून ही वही काढली. नोकरीत असताना दैनंदिनी लिहिणाऱ्यांचा मला राग यायचा. ज्याला कामाची नोंदवही पुरत नाही त्याचं कामात लक्ष नाही, असं मी तोंडावर सांगत असे. ही गोष्ट नोंदवहीत लिहायची होती. ती मी तेव्हा लिहिली नाही.

प्रश्न ऋतिकाचा. खालापूर तालुक्यातल्या आमच्या ऊस संकर केंद्राची ती सध्याची प्रमुख. मी तिथूनच दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिने विचारलं आहे : "क्रमांक अकराचं कसाड १९८७ साली नेमकं कुठून गोळा केलं?"

कसाड म्हणजे उसाचा रानटी भाऊबंद. कांडं पेन्सिलीएवढं, गोडी जवळजवळ नाही, पण पूर, दुष्काळ, थंडी सगळं सोसतं. त्याचा उसाशी संकर करायचा, त्या संकराचा पुन्हा उसाशी. असं दोनतीन पिढ्या केलं की गोडी परत येते आणि नशीब असेल तर चिवटपणाही टिकतो. अकरा नंबरचा एक नातू गेल्या जानेवारीत उत्तरेतल्या चाचणीत उभा होता. रात्री दव गोठलं. बाकी सगळ्या उसांचे शेंडे करपले, हा एकटा हिरवा राहिला. पण त्याला तुरा येत नाही. तुरा नाही म्हणजे बी नाही, म्हणजे कांड्या लावून वाढवला तरी पुढचा संकर नाही, वंश तिथेच संपला. पुन्हा सुरुवात करायची तर मूळचं कसाडच हवं.

ते २००३ साली केंद्राच्या बागेतून उपटलं गेलं. कारण असं लिहिलेलं आहे : "चौक येथील अकरा ठोंब एकाच जागेचे असल्याने एक ठेवून उर्वरित काढावेत." खाली माझी सही. ठेवला तो चार नंबरचा ठोंब.

नोंदवहीत अकराची जागा 'चौक, हमरस्त्याकडेला, गॅरेजसमोर' अशी आहे. ऋतिका तीन वेळा चौक गावाला जाऊन आली. ढाब्यांच्या मागचं, गटाराकडेचं, मिळेल ते कसाड तिने तपासलं. आमच्याकडे अकराचं वाळवलेलं पान तावावर चिकटवून ठेवलेलं आहे. त्याच्याशी एकही जुळत नाही. तिने त्या तावाचा फोटोही पाठवला. पान तीन ठिकाणी गुंतून वाळलंय. शेजारी माझ्याच अक्षरात शेरा : 'पान सदोष.'

मी उत्तर पाठवलं : "नोंदवहीत आहे तेच बरोबर."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

झोप लागली, पण सकाळी उठल्या उठल्या तेच.

चौकला कसाड उगवलं नव्हतं. चौकला ते डोक्यावरून खाली ठेवलं गेलं होतं. मी तिथे गॅरेजच्या बाकावर बसले होते.

तेव्हा मी एकतीस वर्षांची. चाळीस नमुने गोळा करण्याचं काम, नोव्हेंबरअखेरची मुदत. एकोणतीस मी स्वतः फिरून आणले, गुडघाभर चिखलात उभी राहून. मग ताप आला, आठ दिवस गेले. वरिष्ठ म्हणाले, "बाई, झेपत नसेल तर सांगा, दुसऱ्याला देतो." माझ्या नेमणुकीबद्दल मागे काय बोललं जायचं ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीतली, रेल्वेत खलाशी असलेल्या माणसाची मुलगी, जागा राखीव होती म्हणून आली, वगैरे. मी म्हटलं, झेपतं. मग शेतमदतनीस श्रीपतला सायकलवर वाड्यावाड्यांना पाठवलं की कसाडाचे ठोंब मुळासकट चौकला आणून द्या. बायका टेंपोतून उतरून भारे ठेवत गेल्या आणि मी चौकच्या पानावर एकपासून क्रमांक देत गेले.

अकरावा भारा ठमीचा. ती कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली. वयाने माझ्याएवढीच. म्हणाली, "वर ये बाय, जागा दावते. लय गार जागा हाय. पौषात बोटं वळत नायत थितं."

मी म्हटलं, "मला साडेचारची एसटी आहे."

गार जागा. ज्या एका गोष्टीसाठी आज माणसं त्या कसाडाच्या मागे लागली आहेत, ती तिने मला बाकावर बसल्या जागी सांगितली होती. मी लिहिलं 'सपाटीवरील, रस्त्याकडेचे', आणि म्हणून पुढे सदतीस वर्षं कोणी त्याला थंडीच्या चाचणीत घातलं नाही. या नातवालाही ऋतिकाने घातलं ते जागा शिल्लक होती म्हणून.

१६ सप्टेंबर, सोमवार

श्रीपतकडे गेले. कर्जतमध्येच, जुन्या वस्तीत राहतो. ओट्यावर बसून विहारातल्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होता. कडा अगदी सरळ. गोदामातली सवय.

"या मॅडम. पायरी उंच आहे, जपून."

"ठमी आठवते का तुला? कसाडवाली?"

"आठवते की. विसरायला डोक्यात दुसरं काय भरलंय? एकोणीस वर्षं गोण्या मोजल्या."

आतून त्याची बायको गंगाबाई म्हणाली, "अहो, चहा तरी पिऊ द्या त्यांना. मग टोचा."

हे लिहायलाच हवं. १९९४ साली मी श्रीपतच्या गोपनीय अहवालात शेरा लिहिला : "जागेवर न जाता टेबलावर बसून नोंदी करतो." ते खरं होतं. एका पावसाळ्यात त्याने आठवड्याची मोजमापं खोलीत बसून भरली होती. त्याला शेतावरून काढून गोदामात बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. आपल्यातला म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, यासाठी मी शेरा जरा कडकच लिहिला होता. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी हे उदाहरण देत असे. जिथं उगवतं तिथं उभं राहून लिहा.

आज मी त्याला विचारलं, "तेव्हा तू बोलला का नाहीस? चौकच्या अकरा नोंदी कशा झाल्या ते तुला माहीत होतं. निरोप द्यायला तूच फिरला होतास."

त्याने कव्हराची घडी नखाने दाबली. "आपल्या वस्तीतली पहिली बाई खुर्चीवर बसली होती मॅडम. ती खुर्ची मी ओढायची?"

असलं बोलायची त्याला पूर्वीपासून हौस आहे. मी चहा संपवला. ठमी जिवंत आहे, तिच्या मुलाचं नाव पोशा, त्याचा फोन नंबर मिळाला. चहात साखर नव्हती. मला चालत नाही, हे त्याच्या घरी अजून लक्षात आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

टमटमने कोंडाण्यापर्यंत गेले. लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. ठमी चहाच्या टपरीशेजारी दगडावर बसली होती. पोशा, पन्नाशीचा, मागे उभा.

"वळखलं मी," ठमी म्हणाली. "तू साडेचारची बाय."

मी कामाचं बोलले. "तू जिथलं कसाड आणलं होतंस तो खळगा अजून आहे?"

"खळगा कुठं जातोय? त्याला काय पाय हायत?"

"तिथला एक ठोंब हवाय. मुळासकट."

"चल मग. वाडीच्या मागं वाईच चढ हाय."

"माझा गुडघा चालत नाही."

"माजं बी दोनी चालत नायत. वर जाऊन बसत्यात गुमान."

मी पोशाला सांगितलं की उद्या संध्याकाळच्या आत ठोंब माझ्या घरी पोचव, उशीर नको, सोमवारी तपासणीला द्यायचा आहे. दोनदा सांगितलं. सूचना स्पष्ट दिल्या की माणसं काम नीट करतात, हा माझा अनुभव आहे. ठमी त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. तो हसला नाही. मला म्हणाली, "तवा बी मानूस धाडलास, आता बी धाड."

तिला त्या तावाचा फोटो दाखवावा असं एकदा मनात आलं. वाळक्या पानात तिला काय कळणार म्हणून राहू दिलं.

२२ सप्टेंबर, रविवार

पोशा साडेपाचलाच आला. वेळेचा पक्का आहे. ठोंब चांगला, मुळांना ओली माती. एका पानाला गाठ पडली होती, भारा बांधताना पडत असावी. ते पान आणि आणखी चारदोन मोडकी कातरीने काढून टाकली. नमुना नीटनेटका असावा. चिठ्ठीवर लिहिलं : 'कोंडाण्याच्या वर, वाडीमागील खळगा.'

या वेळी जागा खरी लिहिली.

२३ सप्टेंबर, सोमवार

ठोंब ऋतिकाच्या हाती दिला. तिला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. एवढंच म्हणाले, "नवी माहिती मिळाली आहे." ती इतकी खूश झाली की पुढचं राहून गेलं. तिच्या प्रकल्पाचा आढावा नोव्हेंबरात आहे. कसाडाला आता तुरे येऊ लागलेत. मूळ ठोंब याच मोसमात मिळाला तर संकर होईल, नाहीतर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर प्रकल्प बंद. हे ती मला हसत हसत सांगत होती.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल आला. जुळत नाही.

ऋतिका फोनवर म्हणाली, "मॅडम, हे साधं ओढ्याकाठचं आहे. चौकच्या चार नंबरशी जवळचं. जागा नक्की तीच होती ना?"

मी पोशाला फोन लावला आणि आवाज चढवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"खळग्याला कुंपन झालंय बाय. फार्महाऊसवाल्यानं घेतलाय त्यो. राखनदार आत सोडंना. दुसऱ्या अंगानं जायाचं तर दिस मोडला आसता. तुमी म्हनला, सांजच्या आत. म्हनून व्हाळाचं आनलं."

"मग तसं सांगायचं नाही का मला?"

"तुमी इचारलं नाय."

'जागेवर का गेला नाहीस' हे वाक्य मी कोणत्या हक्काने त्याला ऐकवणार होते?

"कसाड तरी आहे ना कुंपणाच्या आत?"

"तुमी आलता तवा व्हतं. घटापासनं जेसीबी लागलाय."

घट तीन तारखेला बसले. ठोंब तपासणीला दिल्यापासून अहवाल येईपर्यंत अठरा दिवस. त्यातले पहिले दहा दिवस खळग्यात ते उभं होतं.

ऋतिकाला संध्याकाळी सगळं सांगितलं. १९८७ पासून. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी स्वतः चढून गेले असते, मॅडम." आवाज चढवला नाही. मी तिच्या जागी असते तर चढवला असता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

गेले. स्वतः.

टमटमच्या थांब्यावर श्रीपत उभा, हातात कुदळ आणि गोणपाट. मी त्याला बोलावलं नव्हतं. "कुदळ घरची आहे," म्हणाला, "गोदामातली नाही. नोंद नको."

गुडघ्याला पट्टा बांधला होता. ठमी पुढे, मी मागे, श्रीपत शेवटी. ठमी दर पन्नास पावलांवर थांबून माझ्याकडे न बघता वाट पाहायची. व्हाळापाशी, म्हणजे ओढ्याकाठी, वाडीतल्या बायकांनी कापलेल्या कसाडाचे भारे वाळत पडले होते. प्रत्येक भाऱ्यातल्या एका लांब पानाला एक गाठ.

मी विचारलं, "या गाठी कशाला?"

"कुठलं ते घरी कळाया नको? व्हाळाचं दोन पावसात कुजतं, झाडू करायचं. त्याला एक गाठ. कड्याचं कुडाला, दोन गाठी. खळग्याचं छपराला, धा पावसाळं टिकतं. त्याला तीन."

मी तिथेच दगडावर बसले. ठमीला वाटलं गुडघा.

पोशाच्या भाऱ्यातल्या पानाला एकच गाठ होती. ती मी कातरीने कापली आणि केराच्या टोपलीत टाकली. आणि तावावरचं ते पान, तीन ठिकाणी गुंतलेलं. पान सदोष.

श्रीपतने पाण्याची बाटली पुढे केली. आज तरी बोलायला हवं होतं त्याने.

खळगा वाडीपासून पाऊण तास. मला दोन तास लागले. राखणदार पुढे आला तर ठमी चालत राहिली, म्हणाली, "ही वाट माज्या सासूची हाय, तू परवा आलास." तो बाजूला झाला. आत खळगा नव्हता. त्याच्या जागी चौकोनी तळं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, कडेला शोभेच्या ताडांची रोपं कुंड्यांत. उकरलेल्या मातीचा ढीग दुसऱ्या टोकाला. पाऊस थांबून आठवडा झाला, वरची माती भुसभुशीत कोरडी.

तरीही गारवा होता. दुपारी बारा वाजता, ऑक्टोबरच्या उन्हात, त्या जागी उतरल्यावर अंगावर काटा आला. तिन्ही बाजूंनी कडा आहे, थंड हवा खाली येऊन तिथेच साचत असणार. एवढं समजायला मला तिथे उभं राहावं लागलं, सदतीस वर्षं उशिरा.

तिघांनी ढीग उकरला. ठमी हातांनीच. वाळलेली, ठेचलेली मुळं पुष्कळ. दोन तुकडे जरा जड लागले. एकाला एक डोळा, फुगलेला नाही, पण काळाही पडलेला नाही. श्रीपतने गोणपाट भिजवून त्यात गुंडाळले.

उतरताना ठमी म्हणाली, "चल बिगी बिगी. तुजी साडेचारची चुकंल."

श्रीपत हसला. मीही हसले असते, पण उतार होता.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा कोंडाणे. या वेळी अकराही तावांचे फोटो मोठे छापून नेले. ठमीने एकेक डोळ्यांजवळ धरून वाचला. दुसरा शब्द मला सुचत नाही. "व्हाळ. व्हाळ. ही कडा. ही आमच्या जयवंताची गाठ, डाव्या हाताची, ती पलीकडच्या वाडीची, मेली ती. ह्ये..." चार तावांवर गाठ नव्हती. "तुमी कापली आसंल," म्हणाली. कापली असेल.

सात जागा मिळाल्या. अकरावा ताव तिने सगळ्यांत शेवटी पाहिला.

"ही माजी. खळग्याची. नीट मारली हाय बघ." मग विचारलं, "हितं काय लिवलंय बाजूला?"

मी वाचून दाखवलं.

"सदोष म्हंजी?"

मी अर्थ सांगितला. तिने फोटो माझ्याकडे परत दिला आणि पोशाला चहा सांगितला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पौर्णिमा. विहारात वर्षावासाची समाप्ती होती. श्रीपत पुस्तकं लावत होता. त्याला म्हटलं, "१९९४चा शेरा मी लेखी मागे घेते आहे."

"खरा होता तो, मॅडम."

"खरा होता. पण लिहिणारी मी नको होते."

"आता काय होणार त्याने?"

"काही नाही."

"मग लिहा," म्हणाला आणि कपाटाकडे वळला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

केंद्रात जाऊन ऋतिकाकडे पुढील गोष्टी सोपवल्या.

अकरा नोंदींचं दुरुस्तीपत्रक. सात नोंदींत खरी जागा लिहिली आहे. चारमध्ये 'माहीत नाही' असं लिहिलं आहे. 'चौक' सगळीकडून खोडलं आहे, पण खालचं वाचता येईल असं, एका रेघेने. जागेवर न गेल्याचा माझा कबुलीजबाब सोबत जोडला आहे. संकलक या रकान्यात माझं नाव खोडून एका ठिकाणी ठमीचं, एका ठिकाणी जयवंताचं घातलं आहे. बाकी नऊ भारे कोणाचे ते ठमीलाही सांगता आलं नाही.

अकरा नंबरच्या तावावरचा 'पान सदोष' हा शेरा रद्द. त्याजागी : 'पानावर तीन गाठी. संकलकाने दिलेली जागेची नोंद.'

श्रीपतबद्दलच्या शेऱ्यासंबंधीचं पत्र, एक. प्रत परवा त्याला हातात दिली. त्याने पोच दिली नाही. घडी घालून खाकी कव्हराच्या पुस्तकात ठेवली.

कसाडाच्या मुळांचे तुकडे, दोन, ओल्या गोणपाटात. पैकी एक आज सकाळी मऊ पडला होता, तरी दिला. दुसऱ्याला एक डोळा. ऋतिकाने माझ्यासमोर तो कुंडीत लावला. या मोसमात त्याला तुरा येणार नाही. जगला तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी प्रकल्प असेल की नाही, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ठमीच्या नावापुढे अंगठा घ्यावा असं कार्यालयाचं म्हणणं होतं. काल तिच्याकडे कागद नेला तेव्हा ती म्हणाली, अंगठा रेशनला. मग व्हाळाच्या काठचं कसाडाचं एक ओलं पान तोडून त्याला एकच गाठ मारून दिलं, कारण पान व्हाळाचं होतं. ते पत्रकाला टाचून दिलं आहे. कापलेलं नाही.